हवामान खातं आणि सासूबाईंचा उजवा हात

सासूबाईंचा उजवा हात गुरगुरायचा.

हे काही लाडाने म्हणायचं म्हणून नाही. खरोखर गुरगुरायचा. कोपराच्या वर, दंडावर तळवा टेकवला की आत एखादी पोट भरलेली मांजर डोळे मिटून बसली आहे असं वाटायचं. मूत्रपिंडांनी कायमचा संप पुकारल्यावर डॉक्टरांनी त्या दंडातली रक्त आणणारी एक नळी आणि रक्त परत नेणारी एक नळी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या, म्हणजे डायलिसिसच्या जाड सुया टोचायला ऐसपैस शीर मिळावी. त्या जोडापाशी रक्त असं काही घुसळत धावायचं की बाहेरून हाताला कळावं आणि कान लावला तर ऐकूही यावं. डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणत. सासूबाई ‘आमचं छोटं मशीन’ म्हणत, कारण त्यांची मोठी मशिनं खालच्या मजल्यावर होती. खाली लाँड्री, वर घर, मागच्या अंगणात वाळत घालायच्या दोऱ्या. सगळं घर दिवसभर घरघरत असायचं, आणि त्या घरघरीत सासूबाईंचा हात आपला सूर मिळवून असायचा.

या छोट्या मशीनचा सर्वांत मोठा चाहता होता त्यांचा नातू. वय सव्वा वर्ष, नाव भलतंच गोड ठेवलेलं, पण हाक मारायला भोंगू. तो रडायला लागला की समोरच्या गल्लीतले कुत्रे अदबीने गप्प बसत. जगातल्या कुठल्याही पाळण्यात, झोळीत, खांद्यावर हा भोंगा बंद व्हायचा नाही. आजीच्या उजव्या दंडावर कान टेकला की मात्र दोन जांभया, एक सुस्कारा, आणि गारद.

“हा हात उशी म्हणून वापरू नका, असं डायलिसिस सेंटरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आई,” सूनबाई सांगून सांगून थकली होती.

“मी कुठे वापरते?” सासूबाई म्हणत. “मी माझ्या उशीवर झोपते. तो वापरतो. त्याच्याबद्दल भिंतीवर काही लिहिलेलं नाही.”

सूनबाई शिकलेली, बारीक नजरेची आणि काळजीने पोखरलेली मुलगी होती. भोंगू झोपला की श्वास चालू आहे ना बघायला ती त्याच्या नाकाशी बोट धरायची, आणि बोट लागून तो जागा व्हायचा. बिस्किटाचा तुकडा त्याच्या तोंडात गेला की तो पोटात पोचेपर्यंत तिच्या घशाखाली घोट उतरत नसे. दिवसातून एकदा तरी ती जिन्यावर थबकून म्हणायची, “मला वाटतं, काहीतरी…” आणि सासूबाई खालून ओरडायच्या, “बोला, हवामान खातं! आज कुठे वादळ?”

तर हवामान खातं हेच तिचं नाव पडलं. खात्याचे अंदाजही खात्याला शोभतील असेच. एकदा भोंगूची जीभ निळी पडली म्हणून ती त्याला कडेवर घेऊन अनवाणी दवाखान्यात धावली. डॉक्टरांनी जीभ पुसली. कपड्यांवर खुणा करायच्या पेनाची शाई होती.

पण खात्याची खरी कीर्ती झाली ती डाव्या हाताच्या प्रकरणाने. दुपारची वेळ, सासूबाई आरामखुर्चीत घोरत होत्या. सूनबाई समोर बसली, हळूच त्यांच्या दंडावर हात ठेवला. गुरगुर नाही. काहीच नाही. तिने जी किंकाळी फोडली, त्यासरशी नवरा अर्धी दाढी साबणात घेऊन धावत आला, खाली इस्त्रीवाले काका इस्त्री होती तिथेच टाकून जिना चढून आले, आणि सासूबाई जाग्या होऊन म्हणाल्या, “कोण गेलं?”

कोणीच गेलं नव्हतं. समोर बसल्यामुळे सूनबाईने डावा हात धरला होता. डाव्या हातातला फिस्टुला दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेला होता. तो आयुष्यात पुन्हा गुरगुरणार नव्हता.

एका हॉटेल मॅनेजरच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर मात्र इस्त्रीचा खरपूस तपकिरी ठसा उठला. सासूबाईंनी मॅनेजरला नवा शर्ट दिला आणि जळका शर्ट दुकानात काउंटरच्या मागे खिळ्याला टांगला. गिऱ्हाईक विचारायचंच, “हे काय?” की सासूबाई हातातलं काम बाजूला ठेवून, खुर्ची पुढे ओढून, अगदी पहिल्यापासून सांगायला बसत. किंकाळीसुद्धा करून दाखवत.

म्हणून त्या आठवड्यात हात खरोखर बदलला तेव्हा सूनबाईची जीभ उचलेना.

आधी भोंगूचं बिनसलं. आजीच्या दंडावर कान टेकवायचा आणि लगेच मान वर करून आजीकडे बघायचा, चुकीच्या घरात शिरल्यासारखा. परत टेकवायचा, परत उचलायचा. मग भोंगा. “दात येतायत,” नवरा म्हणाला. “ऊन वाढलंय,” इस्त्रीवाले काका म्हणाले. सूनबाईने स्वतःचा हात लावून पाहिला (दोनदा खात्री करून, उजव्यालाच). गुरगुर नव्हती असं नाही, पण ती खाली दबली होती, आणि वर ठण, ठण, ठण असे ठोके पडत होते. कान लावला तर आत बारीक शिट्टी.

“आई, हात वेगळा लागतोय.”

“वेगळा म्हणजे काय? जोरात चाललाय!” सासूबाईंनी बाही वर करून शीर दाखवली. टम्म फुगलेली, त्वचेखाली उड्या मारणारी. “बघ कशी उसळतेय. तालमीत घातल्यासारखी. आणि तुझं म्हणणं काय, तर बिघडली!”

नवऱ्याने आईचा दंड चाचपला आणि बायकोकडे पाहिलं. “ठोके तर चांगले दणदणीत आहेत गं.”

“दणदणीत असायला नकोत! गुरगुर हवी.”

“परत सुरू?” तो हसला, आणि त्याची नजर काउंटरमागच्या शर्टाकडे गेली. त्याने काही मुद्दाम केलं नाही, पण गेली खरी.

सूनबाईच्या मनातून मात्र ते जाईना. हा हात गेला तर पुढे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. डावा हात बंद पडला तेव्हा सासूबाईंच्या मानेत नळी बसवली होती. भोंगू जन्मला तेव्हा ती नळी मानेतच होती. पाण्याचा थेंब तिथे जाता कामा नये, वाफेजवळ जायचं नाही, आणि बाळाला खांद्यावर घ्यायचं नाही, कारण बाळं जे दिसेल ते मुठीत धरून ओढतात. एवढी ताठ बाई, पण दाराशी उभी राहून नातवाकडे लांबून टाळ्या वाजवायची. उजवा हात तयार झाला, नळी निघाली, त्या दिवशी सासूबाईंनी भोंगूला पहिल्यांदा खांद्यावर टाकलं आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. त्यानंतर उजव्या हाताची शीर खांद्याशी दोन वेळा आवळली होती, दोन्ही वेळा शिरेच्या आत बारीक फुगा फुगवून मोकळी केली होती. आता तिसऱ्यांदा? आणि भोंगू तर आता कानातलं, चष्मा, नाक, सगळंच ओढायच्या वयात आलेला.

दुसऱ्या दिवशी अंगणात हॉटेलच्या चादरी वाळत घालायचं काम चाललं होतं. सूनबाई ओल्या चादरींची टोकं देत होती, सासूबाई वरच्या दोरीवर टाकत होत्या. जड कामं दुसऱ्यांनी करायची असा डॉक्टरांचा हुकूम होता, पण चादर सरळ पडली नाही तर सासूबाईंना रात्री झोप लागत नसे. त्यांनी उजवा हात उंच केला, बाही घसरून खांद्याला गेली, आणि सूनबाई चादरीचं टोक हातात धरून पुतळ्यासारखी उभी राहिली.

इतके महिने ती हेच बघत आली होती. सासूबाईंनी हात वर केला की दंडावरची ती जाड शीर सपाट व्हायची, पाणी उतरलेल्या रबरी पाइपसारखी. हात खाली आला की परत भरायची. तिला त्यात गंमत वाटायची, म्हणून लक्षात राहिलेलं. आज हात दोरीपाशी होता, आणि शीर तशीच टम्म. उतरायचं नावच नाही.

“हात खाली घ्या.”

“काय?”

“खाली घ्या. आता वर. आता खाली.”

“कवायत घेतेस का माझी?”

“हात वर करूनही रक्त उतरत नाहीये, आई. वाट पुढे कुठेतरी बंद होतेय. म्हणूनच ठोके पडतायत, ते मागे आपटतंय! आजच्या आज सेंटरला फोन करायचा.”

सासूबाईंनी चादर दोरीवर टाकली, कडा जुळवल्या, आणि कमरेवर हात ठेवून वळल्या. “हे बघ. माझी डायलिसिसची पाळी उद्या आहेच. उद्या जाईन तेव्हा मशीनवाला बघेल.”

“मी पण येणार.”

“ये की. पण पैज लाव. अंदाज चुकला, तर महिनाभर खात्याला टाळं. ‘मला वाटतं, काहीतरी’ हे तोंडातून काढायचं नाही. भोंगूने चमचा गिळला तरी नाही.”

“चमचा गिळला तर काढीन.”

“बरं, चमच्याला सूट.”

“आणि माझा अंदाज बरोबर निघाला, तर हाताच्या बाबतीत मी म्हणेन ते ऐकायचं. आणि तो शर्ट खिळ्यावरून खाली.”

खिडकीतून इस्त्रीवाल्या काकांनी डोकं बाहेर काढलं. “मी साक्षीदार. पण बाई, शर्ट गेला तर गिऱ्हाइकांना सांगायचं काय?”

“शर्ट कुठे जात नाही,” सासूबाई म्हणाल्या.

डायलिसिस सेंटरमध्ये मशीनवाला म्हणून एक उंच, हडकुळा, सदा कुजबुजत बोलणारा तरुण होता. सासूबाई त्याला भाऊ म्हणत, तो त्यांना मावशी म्हणे. सूनबाईने मावशींचा हात वर करायला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्याने स्वतःच हात वर धरला, खाली आणला, परत वर धरला. मग दंडापासून खांद्यापर्यंत बोटं सरकवत नेली आणि कॉलरबोनच्या अलीकडे थांबला.

“मावशी, गेल्या खेपेला सुया काढल्यावर रक्त थांबायला किती वेळ लागला होता?”

“लागतो तेवढा.”

“तुम्ही बराच वेळ कापूस दाबून बसला होतात. मी विचारलं तर म्हणालात, शेजारच्या आजींशी गप्पा रंगल्यात.”

“रंगल्याच होत्या.”

“शेजारच्या आजी झोपल्या होत्या, मावशी.”

सूनबाईने हळूच मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई छताकडे बघत होत्या. म्हणजे ही बाई गेल्या खेपेलाच समजून चुकली होती! आणि ठोक्यांची एवढी तालीम, एवढी फुशारकी, ते सगळं कोणासाठी होतं? सूनबाईला रागवायचं होतं, पण सासूबाईंचा डावा हात नकळत मानेकडे गेला होता, जिथे पूर्वी नळी होती तिथे, आणि तो व्रण चोळत होता. तिचा राग जागच्या जागी विरघळला.

“चला,” ती म्हणाली. “पैज मी जिंकले. आता मी म्हणेन ते. उठा.”

तासाभरात त्या वरच्या मजल्यावर शिरांच्या डॉक्टरांसमोर होत्या. डॉक्टर तिशीतल्या बाई, केस कसेतरी वर बांधलेले, बोलणं भराभर. सोनोग्राफीचं यंत्र खांद्यापाशी फिरवून त्यांनी पडदा दोघींकडे वळवला. “इथे बघा. दंडातली शीर वर येते आणि खांद्याशी वळून आत जाते. त्या वळणावर आवळली आहे. मागच्या दोन्ही वेळा इथेच होती. फुग्याने उघडते, पण परत मिटते. अजून बंद पडली नाही हे नशीब. दोन दिवसांनी आला असतात तर आत गुठळी झाली असती, मग मानेतली नळी ठरलेली. या वेळी नुसता फुगा नाही, स्टेंट घालू. बारीक जाळीची नळी, वरून अस्तर. आत जाऊन उघडते आणि शिरेला मिटू देत नाही.”

सासूबाई मन लावून ऐकत होत्या. “म्हणजे असं बघा. कॉलरला सुरकुती पडते. फुगा म्हणजे इस्त्री. इस्त्रीने तेवढ्यापुरती जाते, माणूस घामेजला की परत पडते. आणि स्टेंट म्हणजे कॉलरच्या आत सरकवतो ती पट्टी.”

डॉक्टरांनी यंत्र खाली ठेवलं. “हे मी पुढच्या पेशंटला सांगणार.”

“सांगा. पण पट्टी चांगली घाला. स्वस्तातली दुमडते.”

सूनबाईला एकच प्रश्न विचारायचा होता. “डॉक्टर… माझं बाळ यांच्या दंडावर डोकं ठेवून झोपतं. त्याच्यामुळे तर नाही ना…?”

“वळण खांद्यात आहे, बाळ दंडावर. त्याचा काही दोष नाही.” मग डॉक्टर सासूबाईंकडे वळल्या आणि आवाज बदलला. “पण हात म्हणजे उशी नाही! भिंतीवर लिहिलंय!”

“बाळाबद्दल नाही लिहिलेलं,” सासूबाई पुटपुटल्या.

स्टेंट त्याच दिवशी घालायचं ठरलं आणि नवऱ्याला फोन झाला. तो म्हणाला, “खरंच? म्हणजे खरंच खरं?” मागे भोंगू वाजत होता. “म्हणजे तुझा अंदाज…” पुढचं भोंग्यात बुडालं.

सूनबाईने बाहेर बसायचं मान्य केलं, आणि बाहेर बसून दर थोड्या वेळाने दार ठोठावलं. शेवटी डॉक्टरांनी तिला काचेपलीकडच्या खोलीत, पडदे बघणाऱ्या एक्स-रेवाल्या बाईंच्या शेजारी स्टूल देववलं. “तिथे बसा. कशाला हात लावू नका.” काचेतून सासूबाई आडव्या दिसत होत्या, हिरव्या कापडाखाली, उजवा हात पसरलेला. पायाकडची बाजू काचेकडे. हात बधिर केला होता आणि थोडं गुंगीचं औषधही दिलं होतं. ते औषध सासूबाईंना भलतंच मानवलं.

“डॉक्टर,” भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला, “तुमचा कोट कुठे धुता?”

“हॉस्पिटलच धुतं, आजी. हलू नका.”

“नीळ जास्त पडतेय. पाठवा आमच्याकडे. माणसात आणून देते.”

एक्स-रेवाल्या बाई खांदे हलवत हसू लागल्या. सूनबाईचे डोळे पडद्याला चिकटले होते. आत एक्स-रेत काळं दिसणारं औषध सोडलं आणि दंडातून काळा प्रवाह वर चढला, भरघोस, रुंद, खांद्यापाशी आला आणि एकदम शिवणाच्या दोऱ्याएवढा झाला. तिथून पुढे जेमतेम झिरपत होता. म्हणजे होतंच ते! तिने नुसतं बघून ओळखलेलं, चादर वाळत घालताना! आपला अंदाज खरा ठरल्याचा आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

बारीक तार त्या दोऱ्यातून वाट काढत पलीकडे गेली. तारेवरून फुगा गेला. फुगा फुगला तेव्हा त्याला मध्ये कंबर पडली, मुंगीसारखी, आणि ती कंबर हटायला तयार नव्हती. डॉक्टरांनी दाब वाढवला. कंबर एकदम पुसली गेली. सूनबाईने टाळी वाजवली. फुगा मिटवून काढला, परत काळं औषध सोडलं, आणि शीर होती तिथे परत आवळून बसली.

“हट्टी आहे,” स्पीकरमधून डॉक्टर म्हणाल्या.

“आमच्या घरातली आहे,” सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या जड जिभेने, गुपित सांगितल्यासारख्या, “डॉक्टर, ऐका. माझी सून आहे ना. हवामान खातं. ती फार हुशार आहे. तिला सांगू नका. तिने सांगितलं नसतं तर मी पुढची खेपही गप्पांवर काढली असती. मला त्या नळीची फार भीती वाटते. भोंगू ओढेल. मग मला परत लांबून टाळ्या… तिला सांगू नका हं.”

“नाही सांगत,” डॉक्टर म्हणाल्या, आणि काचेकडे न बघता स्टेंट हातात घेतला.

एक्स-रेवाल्या बाईंनी कागदी रुमालाचा खोकाच सूनबाईच्या मांडीवर ठेवला.

स्टेंट मिटलेल्या छत्रीसारखा आत गेला. वळणाशी आला, मागे-पुढे केसभर सरकला, थांबला. मग उघडला. पडद्यावर एक बारीक जाळी फुलली आणि तशीच राहिली. फुग्याने आतून एकदा दाबून बसवली. शेवटचं काळं औषध सोडलं, आणि या वेळी प्रवाह खांद्यापाशी अडखळला नाही, विचार केला नाही, सुसाट वळण घेऊन आत निघून गेला.

“या,” डॉक्टरांनी काचेतून हाताने बोलावलं. “हात लावून बघा.”

सूनबाई धावली. पायाकडून आत शिरली, पलंगाशी पोचली, डोळ्यांत पाणी, नाक लाल, आणि तळवा दंडावर घट्ट टेकवला.

काही नाही. शांत. मेल्यासारखा थंडगार शांत दंड.

“डॉक्टर!” तिचा आवाज चिरकला. “थांबलं! काहीच लागत नाहीये! बंद पडलं!”

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. नर्सच्या हातातलं भांडं ठणकन खाली पडलं. काचेपलीकडे एक्स-रेवाल्या बाई उभ्या राहिल्या. सासूबाईंनी एक डोळा उघडला. सुनेकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे पाहिलं, आणि अतिशय प्रेमाने म्हणाल्या, “अगं बये. तो डावा.”

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग आधी नर्स फुटली. मग डॉक्टर, टेबलाला टेकून, कपाळ स्वतःच्या दंडावर घासत. एक्स-रेवाल्या बाईंनी चुकून बटण दाबलं आणि त्यांचं हसणं स्पीकरमधून सगळ्या खोलीत घुमलं. सूनबाई तशीच डावा हात धरून उभी होती आणि ती आधी रडतेय की हसतेय हे तिलाच कळत नव्हतं. सासूबाईंचं पोट हिरव्या कापडाखाली गदगदत होतं.

“हलू नका!” डॉक्टर कशाबशा म्हणाल्या. “टाका घालायचाय! कोणीही हसायचं नाही! मीसुद्धा!”

मग नर्सने सूनबाईचं मनगट धरून, लहान मुलाला पाटी दाखवावी तसं, पलंगाला वळसा घालून तिला पलीकडे नेलं आणि तिचा तळवा उजव्या दंडावर हलकेच ठेवला.

मांजर परतली होती. मांजर कसली, मांजरांचं अख्खं बिऱ्हाड उतरलं होतं. ठोका नाही, शिट्टी नाही, नुसती ती जाड, सलग, मखमली गुरगुर, तळव्यातून तिच्या कोपरापर्यंत चढणारी.

निघताना डॉक्टर सूनबाईला म्हणाल्या, “स्टेंट घातला म्हणजे जन्माची काळजी मिटली असं नाही. त्याच्या टोकाशी परत आवळू शकतं. रोज हात लावून बघायचं. जरा वेगळं वाटलं की फोन. खोटा निघाला तरी चालेल. खोटे दहा निघाले तरी चालतील.” त्यांनी ओठ चावले. “फक्त उजवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी इस्त्रीवाल्या काकांना स्टुलावर चढवून शर्ट खाली उतरवला. दिला शब्द पाळायचा म्हणजे पाळायचा. सूनबाई कृतकृत्य होऊन बघत होती. तेवढ्यात सासूबाईंनी कात्री घेतली, शर्टाची एक लांब पट्टी कापली, खुणा करायच्या पेनाने तिच्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि डाव्या दंडावर सैलसर बांधून घेतली. पट्टीवर लिहिलं होतं, ‘बंद’. त्या शब्दाच्या कडेला इस्त्रीच्या ठशाचं तपकिरी टोक आलं होतं.

“आई!”

“पैजेत शर्ट खिळ्यावरून काढायचा ठरलं होतं. माझ्या अंगावर घालायचा नाही असं कुठे ठरलं होतं?”

“आता गिऱ्हाइकांना सांगायला दोन गोष्टी झाल्या,” काका स्टुलावरून उतरत म्हणाले.

नवरा भोंगूला घेऊन खाली आला. भोंगू झोपेला आलेला, म्हणजे युद्धाच्या पवित्र्यात. आजीला बघताच त्याने अंग टाकलं आणि सवयीने उजव्या दंडाकडे झेपावला.

“अं हं!” सूनबाई मध्ये आली. “उशी बंद. ठरलंय.”

भोंगूने खोल श्वास घेतला. त्या श्वासाचा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. काकांनी कान झाकले. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, अगदी आज्ञाधारक चेहऱ्याने. “मग सांग. तू म्हणशील तसं.”

हे सूनबाईला अपेक्षित नव्हतं. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच तिला विचारलं होतं, आणि तिच्याकडे श्वास सुटायच्या आतला वेळ होता. तिने भोंगूला उचललं, आजीच्या डाव्या बाजूला आडवा केला आणि त्याचं डोकं डाव्या दंडावर ठेवलं, थेट ‘बंद’वर. मग सासूबाईंचा उजवा दंड हळूच पुढे आणून त्याच्या कानाशी धरला. टेकवला नाही, दाबला नाही, नुसता कानाशी, फोन धरतात तसा.

भोंगूचं तोंड उघडं होतं. ते तसंच उघडं राहिलं. डोळे बाजूला वळले. गुरगुर. मग एक जांभई, मग दुसरी, मग सुस्कारा. त्याने एक बोट उचलून आजीच्या दंडाला हलकंसं लावलं, घरी कोणी आहे का बघावं तसं, आणि झोपला.

खाली मोठी मशिनं घरघरत होती. बराच वेळ सासूबाईंनी हात तसाच धरला. मग कुजबुजत विचारलं, “खातं काय म्हणतंय? आज आकाश कसं?”

सूनबाईने हात पुढे केला, दोन्ही दंडांच्या मध्ये थांबवला, पट्टी वाचली, आणि मगच टेकवला.

“मोकळं,” ती म्हणाली. आणि तोंडातून निघून गेलंच, “पण मला वाटतं, काहीतरी…”

“काय?”

“त्याने चमचा घेतलेला दिसतोय हातात.”

“सूट आहे,” सासूबाई म्हणाल्या.